दोष स्ट्रेनचा की तारखेचा? तर्रीच्या पार्व्होवर उपचार करणाऱ्या दवाखान्याविषयी

आमच्या तर्रीला या दवाखान्यात पहिल्यांदा आणले ती जानेवारीतली कडाक्याच्या थंडीची सकाळ होती. ती तेव्हा चौदा आठवड्यांची होती, आदल्या रात्रीपासून पाच वेळा ओकली होती आणि स्कूटरच्या पायदानावर ठेवलेल्या खोक्यात मान टाकून पडली होती. त्रिमूर्तीनगरातल्या आमच्या गल्लीत राहणाऱ्या एका भटक्या कुत्रीची ती पोर. पोह्यांवर ओततात त्या तर्रीसारखा तांबूस रंग, म्हणून नातीने हे नाव ठेवले. तिला लसीचे दोन डोस झालेले होते, कार्डावर शिक्के आणि सह्या होत्या, आणि तरीही तिला पार्व्हो, म्हणजे कुत्र्यांना होणारा उलट्या-जुलाबांचा विषाणूजन्य रोग, झाला. हे कसे झाले याची दोन वेगवेगळी उत्तरे मला नागपुरातल्या दोन दवाखान्यांत मिळाली. त्यांतले दुसरे उत्तर इथले आहे, आणि हा अभिप्राय मी मुख्यतः त्या उत्तरासाठी लिहीत आहे.

लस जिथे दिली त्या दवाखान्याचे नाव घेण्याची इच्छा नाही. सहाव्या आणि नवव्या आठवड्यात दोन इंजेक्शने दिल्यावर तिथे मला सांगण्यात आले होते की देशी पिल्लू आहे, जात काटक असते, दोन डोस पुरे झाले, आता वर्षभराने या. ती आजारी पडल्यावर मी फोन केला तेव्हा तिथून उत्तर आले, “काकाजी, नवीन स्ट्रेन येऊन राहिला ना, जुन्या लसी चालतच नाही आता.” स्ट्रेन म्हणजे विषाणूचा बदललेला प्रकार. मला ते पटलेही. करोनाच्या दोन वर्षांत आपण सगळेच ‘व्हेरिएंट’ या शब्दाला इतके सरावलो आहोत की तो कानावर पडला की पुढचा प्रश्न विचारायचे सुचत नाही.

इथला पहिला चांगला अनुभव दवाखान्यात पोहोचण्याआधीच आला. फोन उचलणाऱ्या मुलाने पिल्लाचे वय, उलट्या, जुलाब आणि शेवटच्या लसीची तारीख एवढे विचारले आणि सांगितले की समोरच्या दाराने आत येऊ नका, डाव्या हाताच्या बोळात दुसरे दार आहे, तिथे थांबा. त्या दारापाशी एका पसरट घमेल्यात ब्लीचचे पाणी होते आणि त्यात चपला बुडवूनच आत जावे लागले. आतली खोली लहान, फरशी उघडी, पडदा नाही, सोफा नाही, आणि कोपऱ्यात एक वेगळा पोछा, ज्याच्या दांड्याला लाल चिकटपट्टी गुंडाळलेली होती, म्हणजे तो चुकून बाहेरच्या खोलीत जाऊ नये. ज्या दवाखान्यात लस दिली होती तिथे सगळीकडे फिनाइलचा वास दरवळत असे आणि मी त्यालाच स्वच्छता समजत होतो. पार्व्होच्या विषाणूला बाहेरचे स्निग्ध आवरण नसते, त्यामुळे फिनाइल, स्पिरिट आणि हाताला लावायचे सॅनिटायझर यांनी त्याचे फारसे बिघडत नाही. त्याला मारण्यासाठी आधी घाण पूर्ण धुऊन काढावी लागते आणि मग तीस भाग पाण्यात एक भाग ब्लीच मिसळून ते निदान दहा मिनिटे फरशीवर राहू द्यावे लागते. सावलीच्या जागी हा विषाणू महिनोन्‌महिने तग धरतो.

तपासणीसाठी गुदद्वारातून कापसाच्या काडीवर नमुना घेतला, तो द्रावणात घुसळला आणि चार थेंब किटवर टाकले. दहा मिनिटे मी आणि डॉक्टर बाई त्या बोटभर पांढऱ्या पट्टीकडे पाहत उभे होतो. वरची नियंत्रणाची रेघ उमटली, खालची उमटली नाही. मी सुटकेचा श्वास सोडला, पण डॉक्टर बाईंनी सोडला नाही. त्या म्हणाल्या, किट सकारात्मक आले तर मी विश्वास ठेवते, नकारात्मक आले तर ठेवत नाही. विष्ठेत विषाणू सतत सारख्या प्रमाणात उतरत नाही, जुलाब पातळ असले तर तो विरळ होतो, आणि पिल्लाच्या स्वतःच्या प्रतिपिंडांनी (अँटिबॉडींनी) तो झाकला गेला असेल तर किटला तो दिसत नाही. याच्या उलट, जिवंत लस दिल्यानंतर थोड्याच दिवसांत किट केले तर लसीतलाच विषाणू पकडला जाऊन फिकट रेघ येऊ शकते, आणि शेवटच्या लसीची तारीख फोनवरच विचारण्याचे कारण हेच होते. तर्रीला त्यांनी तिथेच ठेवून घेतले. रक्तात पांढऱ्या पेशी १,८०० भरल्या, जिथे निदान ६,००० असायला हव्यात. दुसऱ्या दिवशी दुपारी नव्या किटवर खालची गुलाबी रेघ ठळक उमटली. पहिल्या निकालावर भरवसा ठेवून औषध देऊन आम्हाला घरी पाठवले असते, तर तो दीड दिवस वाया गेला असता, आणि पार्व्होत दीड दिवस फार असतो.

मग मी तो प्रश्न विचारला. ही नवीन स्ट्रेन आहे का, आणि म्हणून लस चालली नाही का?

चाळीस वर्षे मी छापखान्यात मुद्रितशोधन केले. डॉक्टर बाईंना हे ठाऊक नव्हते, पण त्यांनी औषधाच्या चिठ्ठीच्या मागे जे लिहून दाखवले ते माझ्याच धंद्यातले निघाले. पार्व्होचा जीनोम, म्हणजे विषाणूचा सगळा जनुकीय मजकूर, हा सुमारे पाच हजार दोनशे अक्षरांचा एकेरी डीएनए. एवढा मजकूर वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानातही सहज बसेल. त्या मजकुरातून विषाणूचे कवच बनते, साठ सारख्या तुकड्यांचे, आणि त्या तुकड्यातल्या प्रथिनातील ४२६ व्या जागी कोणते अमिनो आम्ल (प्रथिनाचा घटक) बसले आहे यावरून प्रकार ठरतो. तिथे ए-ए-टी अशी तीन अक्षरे असली तर ॲस्पॅराजिन येते आणि प्रकार २ए. पहिले अक्षर बदलून जी-ए-टी झाले की ॲस्पार्टिक आम्ल, प्रकार २बी. त्यात शेवटचे अक्षर बदलून जी-ए-ए झाले की ग्लुटामिक आम्ल, प्रकार २सी. ज्याला आपण ‘नवीन स्ट्रेन’ म्हणून घाबरतो त्याची पाटी एका अक्षराच्या फरकावर टांगलेली आहे. अर्थात काना-मात्रेच्या चुकीने अर्थाचा अनर्थ झालेला मी पुष्कळ वेळा पाहिला आहे, त्यामुळे एक अक्षर म्हणजे क्षुल्लक असे मी म्हणणार नाही. ही जागा कवचावरच्या उंचवट्यावर, प्रतिपिंडे जिथे चिकटतात त्याच भागात आहे. पण या एका जागेवरून केलेली वर्गवारी विषाणूची वंशावळ सांगत नाही, कारण एकच बदल वेगवेगळ्या शाखांत स्वतंत्रपणे होऊ शकतो. आडनाव सारखे असले म्हणून दोन घराणी एक होत नाहीत, तसेच हे.

खरी उलथापालथ झाली ती त्याच्या आधी. १९७८ पूर्वी कुत्र्यांना हा रोग माहीतच नव्हता. मांजरांमध्ये पॅनल्युकोपेनिया नावाचा रोग पसरवणाऱ्या विषाणूच्या, किंवा त्याच्या अगदी जवळच्या नातेवाइकाच्या कवचात मोजके बदल झाले आणि त्याला कुत्र्याच्या पेशीवरचा ट्रान्सफेरिन ग्राही धरता येऊ लागला. लोह पेशीत नेण्यासाठी असलेले ते दार, आणि विषाणूला त्याची किल्ली सापडली. युरोपात साठवून ठेवलेल्या जुन्या रक्तनमुन्यांवरून असे दिसते की तो सत्तरच्या दशकाच्या मध्यापासूनच तिथल्या कुत्र्यांत शिरला होता. १९७८ मध्ये तो उघड झाला आणि काही महिन्यांत जगभर पोहोचला, कारण कोणत्याही कुत्र्याच्या अंगात त्याच्याविरुद्ध काहीच नव्हते. भारतातून पहिल्या नोंदी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आल्या. आधीपासून कुत्र्यांत एक वेगळाच, सौम्य पार्व्होविषाणू ठाऊक होता, म्हणून या नव्याला सीपीव्ही-२ (कॅनाइन, म्हणजे कुत्र्यांचा, पार्व्होव्हायरस-२) असे नाव पडले. कुत्र्यांसाठी लसच नसल्यामुळे सुरुवातीला मांजरांची पॅनल्युकोपेनियाची लस कुत्र्यांना टोचली गेली आणि तिचा काही प्रमाणात उपयोगही झाला, हे मला फार बोलके वाटले. पुढे अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात लेलंड कारमायकेल आणि मॅक्स अॅपेल यांनी कुत्र्यांसाठी स्वतंत्र लस घडवली.

१९७८ नंतर दोन-तीन वर्षांच्या आत २ए आला आणि त्याने मूळ सीपीव्ही-२ ला जवळजवळ हद्दपार केले. १९७८ चा तो विषाणू आज प्रामुख्याने काही लसींच्या कुप्यांत उरला आहे. २बी १९८४ च्या सुमाराला नोंदवला गेला आणि २सी इटलीत २००० मध्ये सापडला. डीएनए विषाणू सहसा संथ बदलतात, पण हा त्याला अपवाद आहे. त्याच्या बदलाचा वेग आरएनए विषाणूंच्या जवळ जातो, म्हणजे साधारण दहा हजार अक्षरांमागे वर्षाला एक. पाच हजारांच्या जीनोमसाठी हा हिशोब दोन वर्षांत टिकणारी एक चूक असा होतो. आमच्या छापखान्यात एवढ्या चुकांसाठी कोणाला नोकरीवरून काढले नसते. मात्र आमची चूक दुसऱ्या दिवशीच्या अंकात दुरुस्त होत असे, आणि इथे उपयोगी चूक हीच पुढची मूळ प्रत होते.

आता मूळ प्रश्न. डॉक्टर बाई म्हणाल्या, “काका, विषाणू बदलला आहे हे खरेच आहे. भारतात बरीच वर्षे २ए जास्त दिसत होता आणि अलीकडे २सी वाढला आहे. पण तुमच्या पिल्लाची लस फसली त्याचे पहिले कारण मी तुमच्या कार्डावर शोधेन, जीनोममध्ये नाही.” आणि त्यांनी नवव्या आठवड्याच्या शिक्क्यावर बोट ठेवले.

पिल्लू जन्मानंतर पहिल्या दिवसात जे चिकाचे दूध पिते त्यातून आईची प्रतिपिंडे त्याच्या रक्तात येतात. ती दर नऊ-दहा दिवसांनी निम्मी होत जातात. ती भरपूर असतात तोवर पिल्लाचे रक्षण करतात, पण तीच लसीतल्या जिवंत विषाणूलाही मारून टाकतात आणि लस वाया जाते. मधले काही आठवडे सर्वांत वाईट, कारण तेव्हा प्रतिपिंडे रोगाला अडवायला अपुरी आणि लसीला अडवायला पुरेशी असतात. हे आठवडे प्रत्येक पिल्लात वेगळे येतात. तर्रीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती जी माझ्या डोक्यातही आली नसती. तिची आई रस्त्यावरची. अशी कुत्री बहुधा स्वतः पार्व्होतून वाचलेली असते, तिच्या रक्तात प्रतिपिंडांचे प्रमाण खूप असते, आणि म्हणून तिच्या पिल्लांत ती जास्त आठवडे टिकतात. ‘देशी आहे, दोन डोस पुरे’ हे गणित इथे नेमके उलटे पडले. ज्या पिल्लाला डोस उशिरापर्यंत द्यायला हवे होते त्याचेच डोस लवकर थांबवले गेले. वर्ल्ड स्मॉल ॲनिमल व्हेटरनरी असोसिएशनची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की सहा ते आठ आठवड्यांपासून दर दोन ते चार आठवड्यांनी डोस द्यावेत, शेवटचा डोस सोळाव्या आठवड्यात किंवा त्यानंतरच पडावा, आणि २०२४ च्या आवृत्तीनुसार पुढचा डोस वर्षाने नव्हे तर सव्विसाव्या आठवड्याच्या सुमारास द्यावा, म्हणजे आधीचे सगळे डोस आईच्या प्रतिपिंडांनी खाल्ले असतील तरी हा लागू पडतो.

आणि स्ट्रेनचे काय? जुन्या प्रकारांपासून बनवलेल्या लसी दिलेल्या पिल्लांना २सी मुद्दाम देऊन प्रयोग झाले आहेत आणि ती पिल्ले आजारापासून वाचली आहेत. कारण प्रतिपिंडे कवचावरच्या अनेक जागांवर चिकटतात, एक जागा बदलल्याने सगळ्यांची पकड सुटत नाही. पूर्ण लसीकरण झालेल्या प्रौढ कुत्र्यांत २सी आढळल्याच्या नोंदीही आहेत, त्यामुळे वाद अगदी मिटला आहे असे त्यांनी म्हटले नाही, आणि हा प्रामाणिकपणा मला आवडला. मी प्रकार तपासून घेण्याचा आग्रह धरला तेव्हा त्यांनी सांगितले की किट तिन्ही प्रकार पकडते पण वेगळे ओळखत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत पीसीआर आणि जनुकाचे वाचन करावे लागेल, तुमचे पैसे जातील, निकाल येईल तोवर पिल्लू एकतर घरी गेलेले असेल किंवा गेलेले असेल, आणि उपचारात कशाचाही फरक पडणार नाही. पैसे मिळवण्याची आयती संधी समोर असताना ती नाकारणारा दवाखाना मी बऱ्याच वर्षांनी पाहिला.

उपचाराविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्यात जादू काही नव्हती आणि तसा दावाही कोणी केला नाही. हा विषाणू स्वतःची प्रत काढण्यासाठी पेशीची यंत्रणा वापरतो आणि ती यंत्रणा विभागत असलेल्या पेशीतच सुरू असते. म्हणून तो आतड्याचे अस्तर नव्याने घडवणाऱ्या पेशींवर आणि अस्थिमज्जेवर घाला घालतो. अस्तर गळून पडते, आतड्यातले जिवाणू रक्तात शिरतात, आणि त्याच वेळी त्यांच्याशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी संपलेल्या असतात. चार दिवस सलाइन, उलटी थांबवणारे इंजेक्शन, जिवाणूंसाठी अँटिबायोटिक, साखर आणि पोटॅशियमची तपासणी, आणि उलट्या आटोक्यात येताच सिरिंजने थोडे थोडे पातळ अन्न. पूर्वी अशा पिल्लांना उपाशी ठेवत असत, इथे तसे केले नाही. तिसऱ्या दिवशी रात्री तिचे अंग गार पडले होते आणि तिथल्या कंपाउंडर मुलाने गरम पाण्याच्या दोन बाटल्या फडक्यात गुंडाळून तिच्या पोटाशी ठेवल्या, दर तासाला बदलल्या. सकाळी मी गेलो तेव्हा सलाइनच्या नळीला ती दात लावत होती आणि तो तिला रागे भरत होता. पाचव्या दिवशी ती घरी आली.

निघताना एक प्रश्न विचारला गेला जो विचारला जाईल असे मला वाटले नव्हते. घरात मांजर आहे का? आहे, नऊ वर्षांची, बोकेराव. १९७८ चा मूळ सीपीव्ही-२ कुत्र्यांत उतरताना मांजरांना लागण करण्याची क्षमता गमावून बसला होता, पण २ए आणि त्यानंतरच्या प्रकारांनी ती परत मिळवली. म्हणजे वाहत असलेला विषाणू आज दोन्हीकडे जाऊ शकतो. बोकेरावांची लस चार वर्षे राहून गेली होती, ती वेळ पाहून दिली गेली. विषाणूच्या उत्क्रांतीचा इतिहास घरगुती उपयोगाचा असू शकतो हे मला त्या दिवशी कळले.

आता उणे बाजू. प्रतीक्षेच्या खोलीत एका औषध कंपनीचे भले मोठे पोस्टर आहे, त्यावर दात विचकणारा लाल विषाणू आणि ‘नव्या स्ट्रेनपासून नवे संरक्षण’ असे शब्द. आतल्या खोलीत डॉक्टर तासभर खपून जो गैरसमज दूर करतात तोच बाहेरच्या खोलीत भिंतीवरून शिकवला जातो. मी हे सांगितले तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या की कंपनीवाला कॅलेंडरबरोबर लावून गेला. मार्चअखेर गेलो तेव्हा पोस्टर तिथेच होते. त्याखाली एक साधा तक्ता लावावा, डोसच्या आठवड्यांचा, मराठीत, मोठ्या अक्षरांत. मजकूर मी विनामूल्य तपासून देईन. दुसरी तक्रार रात्रीच्या फोनची. भरती असलेल्या जनावराची चौकशी करण्यासाठी दिलेला क्रमांक दुसऱ्या रात्री दीड ते साडेतीन कोणी उचलला नाही. मुलगा तर्रीजवळच बसला होता हे सकाळी कळले, पण घरी आम्हाला ते कळण्याचा मार्ग नव्हता. तिसरी, बिल. पाच दिवसांचे साडेअकरा हजार झाले, रक्कम मला जास्त वाटली नाही, पण ‘औषधे व इतर’ या एका ओळीत सहा हजार टाकलेले होते. विचारल्यावर तपशील लगेच लिहून दिला, तो न विचारता द्यायला हवा. गाडी लावायला जागा नाही, हे पश्चिम नागपुरात राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

लसीच्या बाबतीत मात्र इथली शिस्त पाहण्यासारखी आहे. लसीच्या फ्रिजवर तापमानाची वही टांगलेली असते, सकाळ-संध्याकाळ आकडा लिहिलेला, दोन ते आठ अंशांच्या आतला. वीज गेलेल्या दिवसाची नोंदही तिच्यात आहे आणि त्या दिवशीच्या कुप्यांचे काय केले तेही. कुपीवरचे लेबल काढून तुमच्या देखत कार्डावर चिकटवतात. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जाणाऱ्या गावात ही वही प्रमाणपत्रांच्या चौकटींपेक्षा मला जास्त सांगून जाते.

पार्व्होतून उठलेल्या कुत्र्याला त्या रोगाविरुद्ध दीर्घ काळ टिकणारी प्रतिकारशक्ती येते, पण डिस्टेंपर आणि इतर रोगांसाठी डोस पूर्ण करावेच लागतात. तर्रीला तिसरा डोस अठराव्या आठवड्यात दिला आणि चौथा मार्चअखेर, सव्विसाव्या आठवड्यात. गल्लीतल्या तिच्या आईला यंदा पुन्हा पिल्ले झाली आहेत, चार. त्यांची कार्डे याच दवाखान्यात काढली आहेत आणि प्रत्येक कार्डावर सोळाव्या आठवड्याची तारीख कंपाउंडर मुलाने आधीच लाल शाईने लिहून ठेवली आहे. पाचपैकी चार तारे देतो.